टिटीची जोडी आणि दातार

दातार चिडले की लॅटिन बोलायचे. लिफ्टमध्ये कुणाचा पाय पडला तरी त्या इसमाचं कुळ आणि प्रजाती पुटपुटत बाहेर पडायचे. पुण्यात प्राणिशास्त्र शिकवून हा माणूस दुबईतल्या एका बांधकाम कंपनीची कागदपत्रं सांभाळायला आला आणि दुर्दैवानं अजमानला आमच्या शेजारी राहिला. मला तो अजिबात आवडत नसे.

एकदा माझ्या मुलीनं शाळेच्या तक्त्यावर शेपटीनं लोंबकळणारं माकड आफ्रिकेच्या नकाशावर चिकटवलं. दातारांनी ते आमच्या उघड्या दारातून पाहिलं आणि चपलांसकट आत आले.

"शेपटीनं लटकतंय म्हणजे दक्षिण अमेरिका. टापू चुकला की सगळं चुकलं."

"अंकल, इट्स ओन्ली अ मंकी," मुलगी म्हणाली. दातारांनी ते माकड टरकन उपटलं, निम्मी आफ्रिका त्याच्याबरोबर आली, आणि मी त्यांना दाराबाहेर काढलं.

मग मंदी आली. पगार निम्मा झाला तसं दातारांनी वहिनींना पुण्याला पाठवलं आणि त्याच इमारतीत एक खोली घेतली. "मी राहीन की एका खोलीत," असं वहिनी रडून सांगत होत्या. "तात्पुरतं आहे," एवढंच यांचं उत्तर. त्या तात्पुरत्याला वर्ष झालं. बाईला साधं विचारायचंही नाही, याचा मला संताप यायचा.

एका सुट्टीच्या शुक्रवारी 'चुकीची पाटी दाखवतो' म्हणत त्यांनी मला ओढत सलीमभाईंच्या दुकानात नेलं. सलीमभाई रत्नागिरीचे. पक्षी, मासे आणि कधीमधी माकडं विकायचे. पिंजऱ्यात तांबूस दाढीची दोन लहान माकडं खांद्याला खांदा लावून बसली होती, शेपट्या एकमेकींत पिळलेल्या. वर पाटी, 'आफ्रिकन मंकी'.

"टिटी आहेत ही. कुळ पिथेसिइडी, टापू ॲमेझॉनचं खोरं," दातार कडाडले.

"पाटी बदलतो, साहेब. तसाही नर आज अबुधाबीला चाललाय. गिऱ्हाईकाला एकच हवंय."

"आणि मादी?"

"जाईल इन्शाल्ला कुठेतरी. मंदी आहे, जोडी कोण घेतो?"

दातार पिंजऱ्याला आडवे झाले. "अहो, ही जोडीनं राहणारी जात आहे. एकाला नेलं तर दुसरं हाका मारत बसेल. तात्पुरतं, परवडत नाही, असलं काही त्याला कळत नाही."

माझं डोकंच फिरलं. "आणि वहिनींना कळतं?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

ते लालबुंद झाले. आता लॅटिन येणार म्हणून मी वाट पाहिली, पण ते वळून त्या पिळलेल्या शेपट्या बघायला लागले.

सलीमभाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "माझी बायको पण गावालाच आहे, साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी अबुधाबीला फोन लावला. "हबीबी, दोनों लेना है तो लो. अकेला नहीं मिलेगा. खलास."

दातार पक्ष्यांच्या दाण्याच्या पोत्यावर बसले आणि त्यांनी पुण्याचा नंबर लावला.

"खोली एकच आहे," ते फोनवर म्हणाले. "स्वयंपाकघर आणखी तिघांत. व्हिजिट व्हिसा काढतो. येशील?"

पलीकडून येणारा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता. मी खुणेनंच काय म्हणून विचारलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "ओरडतेय. वर्षभरात का नाही विचारलंस म्हणते."

"ओरडणारच."

"हो," दातार म्हणाले. "पण फोन ठेवत नाहीये."