डेल्मरचा रिकामा ट्रेलर

ब्रश क्रीकच्या शर्यतीच्या मैदानात डेल्मर पार्डूने ट्रेलरचं मागचं दार उघडलं, तेव्हा आत चार टायर होते, एक जॅक होता आणि बर्फाच्या पेटीत गोड चहाच्या बाटल्या होत्या. शर्यतीची गाडी नव्हती. त्याने दार लावून घेतलं आणि पुन्हा उघडलं. तरी नव्हती.

डेल्मरच्या संघात चूक कोणाची हे ठरवणं नेहमीच अवघड जाई. मालक तो, ड्रायव्हर तो, मेकॅनिक तो आणि ट्रेलर ओढणारा ट्रकवालाही तोच. सकाळी मालकाला वाटलं, मेकॅनिकने गाडी चढवली असणार. मेकॅनिकने ते काम ट्रकवाल्यावर सोडलं. ट्रकवाला अक्रोडाच्या झाडाखाली ढगांकडे बघत बसला. आणि ड्रायव्हर? तो तर उठल्यापासून मनातल्या मनात वळणं घेत होता. वाटेत चढावर ट्रक भलताच हलका पळाला, तेव्हा डेल्मर स्वतःच्याच कारागिरीवर खूश झाला होता.

"काय डेल्मर, कुठाय आपली गाडी?" पाठीमागून टटलसाहेबांचा आवाज आला. त्यांचं पशुखाद्याचं दुकान होतं. डेल्मरच्या अडुसष्ट नंबरच्या गाडीच्या बॉनेटवर त्या दुकानाचं नाव होतं आणि त्या बदल्यात डेल्मरला वर्षभर टायर मिळत.

"आत आहे. आराम करतेय."

"गाडी?"

"शर्यतीआधी तिला जरा शांतता लागते."

"तिला म्हणावं, पुरे झाला आराम. आज मेव्हण्याला मुद्दाम घेऊन आलोय नाव दाखवायला. गाडी उतरली नाही ना, तर पुढच्या वर्षीचे टायर दुसऱ्याला!"

टायर गेले की संघ संपला. मग अडुसष्ट नंबर गवताच्या शेडमध्ये कोंबड्यांना बसायला उरणार. डेल्मरने खिसे चाचपले, फोनही नव्हता. शेवटी फाटकावरच्या हॉइटचा फोन मागून त्याने घरी बायकोला लावला.

"नोरीन, जरा शेडमध्ये डोकावतेस?"

"डोकावायला कशाला? खिडकीतून दिसतीये की. मी म्हटलं, आज पायी पळणार असशील."

"मग फोन नाही करायचा?"

"केला. शेडमध्येच वाजला."

"आता काय करू गं?"

"तू काही करू नकोस. तू केलंस की असंच होतं. मी घेऊन येते."

"कशावर? ट्रेलर तर इथे आहे!"

"चाकं आहेत ना तिला?"

त्या गाडीला दिवे नव्हते, हॉर्न नव्हता, पाटी नव्हती. दारं तर वेल्डिंग करून कायमची बंद केलेली. नोरीन ॲप्रनसकट खिडकीतून आत उतरली आणि तिने सीटवरचं हेल्मेट डोक्यात घातलं. चालवायची तिला भीती नव्हती. प्रत्येक नवं इंजिन कुरणात तीच फिरवून आणायची आणि डेल्मर गोठ्यामागे डोळे मिटून आवाज ऐकत बसायचा.

चर्चच्या वळणावर तिला पोलिसाने अडवलं.

"बाई, गाडीचे दिवे कुठायत?"

"अंधार पडायच्या आत शर्यत संपते, साहेब."

पोलिसाने आधी दारावर रंगवलेला अडुसष्ट बघितला, मग घड्याळ. "पावती नंतर फाडतो. माझ्या मागे या, मलाही उशीर होतोय."

असा अडुसष्ट नंबर सायरनच्या मागून ब्रश क्रीकच्या मैदानात शिरला. तोवर बाकीच्या गाड्या रांगेत हळूहळू फिरायला लागल्या होत्या. हॉइटला फक्त ओळखीचं हेल्मेट दिसलं. "नेहमीचाच उशीर, डेल्मर! घुस मागे!" असं ओरडत त्याने तिला सरळ ट्रॅकवर ढकललं.

"डेल्मर!" डेल्मरच्या हातातला, गाडीशी जोडलेला रेडिओ किंचाळला. "मला आत घातलं रे! बाहेर कधी येऊ?"

"एवढी फेरी होऊ दे, मग डावीकडे वळ," डेल्मर म्हणाला. आणि त्याने मान वर केली.

सूर्य पाइनच्या टेकडीवर टेकला होता. लाल माती हवेत तरंगत होती आणि त्या मातीतून त्याची नारिंगी गाडी किंचित तिरकी होत, सावकाश बाहेर आली. डेल्मर बघतच राहिला. तो रंग त्याने दिला होता, तिचा एकेक नट त्याच्या बोटांना पाठ होता. पण शर्यतीत धावताना त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. ती धावायची तेव्हा तो आत असायचा, आणि आतून दिसायची ती मळकी काच आणि पुढच्याचं बूड. सगळ्या गावाने पाहिलेली गाडी एकट्या मालकाने पाहिली नव्हती.

"डेल्मर? वळू?"

"हं."

"हं म्हणजे काय? अरे, हिरवा झेंडा काढतायत!"

"नोरीन, जरा वरच्या बाजूने घे."

"का? काय झालं?"

"उन्हात घे. छान दिसते."

पुढचं नोरीन जे बोलली ते इंजिनांच्या गदारोळात बुडालं, ते बरंच झालं. शर्यत सुरू झाली होती. डेल्मर रेडिओ छातीशी धरून उभा होता, आजूबाजूचा आवाज त्याला कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटत होता.

"तू इथे?" टटलसाहेबांनी त्याचा खांदा हलवला. "मग आत कोण आहे?"

"मालकाची बायको," डेल्मर ट्रॅकवरची नजर न काढता म्हणाला.

नोरीन अकरावी आली. चांगल्या दिवशी डेल्मर चौदावा येई. टटलसाहेबांनी मेव्हण्याच्या देखत पुढच्या वर्षीचे टायर कबूल केले आणि मेव्हणा आनंदाने शिट्ट्या वाजवत गेला.

नोरीनने खिडकीतून आधी हेल्मेट फेकलं, मग शब्द. "जळला मेला तुझा रेडिओ! का नाही बोलावलंस मला?"

"ती एवढी सुंदर पळते, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

नोरीनचा राग जरासा निवला. "सांगणार कुणाला? तू उतरलास की आधी ड्रायव्हर रडायचा, मग मेकॅनिक भांडायचा. मालक कधी भेटलाच नाही मला."

तिने ॲप्रनने तोंडावरची माती पुसली. "आणि ऐक. मागचं डावं चाक वळणावर सैल पडतंय. मेकॅनिकला सांग, शनिवारी मी आत बसायच्या आधी नीट करून ठेव म्हणावं."

ड्रायव्हरला वाईट वाटलं, पण थोडंसंच. डेल्मर ट्रॅकबाहेरच्या तिकिटाच्या खिडकीपाशी गेला आणि त्याने पुढच्या शनिवारचं एक तिकीट मागितलं.

"तुला कशाला तिकीट?" आतली बाई म्हणाली. "तू संघातलाच ना?"

"मी मालक आहे," डेल्मर म्हणाला. "मला पुढची जागा दे."