सेत्तिमिओ एर्कोलानी व तत्सम इतर

"चौतीस वर्षं टपाल वाटलं मी! चौतीस! एक पाकीट जरी चुकीच्या दारात गेलं असेल ना, तर ही मिशी उतरवून हातात देईन!"

सेत्तिमिओ एर्कोलानी हे वाक्य आठवड्यातून किमान तीनदा म्हणायचा. एप्रिलातल्या त्या रविवारी सकाळी मात्र त्याने ते आरशासमोर छाती काढून म्हटलं. कारण आजचं पाकीट थेट देशाच्या प्रमुखांच्या हातात पडणार होतं. आता प्रमुख म्हणजे दोन. एकाच माणसावर एवढा विश्वास टाकायला सान मारिनोची माणसं काही खुळी नाहीत! म्हणून कॅप्टन दोन, आणि तेही फक्त सहा महिन्यांसाठी. नवे कॅप्टन आले की पहिल्या रविवारी कुणीही नागरिक उठतो, डोंगरमाथ्यावरच्या सरकारवाड्यात जातो आणि त्यांच्या हातात अर्ज देतो. झाड तोडू नका, बस थांबवा, काय वाट्टेल ते. महापरिषदेला, म्हणजे इथल्या संसदेला, त्याचा विचार करावाच लागतो. टाळायची सोय नाही.

सेत्तिमिओचा अर्ज बोचेच्या मैदानाबद्दल होता. मोंतेजार्दीनोच्या खालच्या वस्तीत, लिंडेनच्या चार झाडांखाली वाळूचा एक लांबट पट्टा आहे. तिथे वस्तीतले म्हातारे रोज लाकडी गोळे फेकतात आणि एकमेकांच्या नेमबाजीचा उद्धार करतात. तिथून समुद्रही दिसतो. तो दुसऱ्या देशात आहे ही गोष्ट वेगळी, पण दिसतो फुकट. तर या पट्ट्यावर डांबर ओतून अकरा गाड्यांचा वाहनतळ करायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. काम जूनमध्ये सुरू होणार होतं.

सेत्तिमिओला स्वतःला बोचे धड खेळता यायचं नाही. त्याचा जीव तुटत होता तो क्विंतोसाठी. क्विंतो हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा जुना पाथरवट. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी परदेशात. दिवसभरात तो माणसांशी बोलायचा ते त्या मैदानावरच. "क्विंतो, तू काळजी करू नकोस," सेत्तिमिओने त्याला शब्द दिला होता, "तुझं मैदान मी वाचवतो!" आणि मग महिनाभर दारोदार फिरून त्रेचाळीस सह्या गोळा केल्या होत्या.

अर्ज टाइप केला होता बायकोने, ओर्नेल्लाने. चौतीस वर्षं लोकांची अक्षरं लावून लावून सेत्तिमिओचं स्वतःचं अक्षर पार कामातून गेलं होतं.

"पाकीट कुठंय?" त्याने ओरडून विचारलं.

"फ्रीजवर!" न्हाणीघरातून ओर्नेल्ला ओरडली.

फ्रीजवर पाकीट होतं. त्याने ते उचललं, कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि वरून दोनदा थोपटलं.

सरकारवाड्यात रांग होती. सेत्तिमिओचा नंबर आला तेव्हा समोरच्या दोन कॅप्टनांत, काळ्या पोशाखात, गळ्यात मानाची पट्टी घालून कोण बसलेलं? लादिना! बोर्गोच्या औषधाच्या दुकानातली लादिना! मागच्याच महिन्यात हिने त्याला खोकल्याचं औषध दिलं होतं. आता ती कॅप्टन!

"महामहिम," सेत्तिमिओ कमरेत वाकला, "हा आमच्या वस्तीचा अर्ज. आमचं सगळं सुख-दुःख यात आहे."

"खोकला कसा आहे?" महामहिमांनी ओठ न हलवता विचारलं.

"गेला, महामहिम."

"गरम पाणी पीत जा." आणि मग मोठ्याने, "अर्ज स्वीकारला आहे!"

सेत्तिमिओ तरंगतच घरी आला. टेबलावर पास्ता वाफाळत होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आर्जिया नॅपकीन गळ्यात खोचून तयार होत्या, आणि विजयाच्या जेवणासाठी खास बोलावलेला क्विंतो टोपी मांडीवर ठेवून लाजत बसला होता.

"थांबा, आधी एक गंमत!" ओर्नेल्ला हसत उठली. "काल सगळ्या बायका सह्या करायला आल्या होत्या ना, तेव्हा दुसरी बाटली उघडल्यावर आम्ही पण एक अर्ज लिहिला! अगदी रीतसर! वाचूनच दाखवते." तिने फ्रीजवर हात फिरवला. फ्रीजच्या मागून एक पाकीट ओढून काढलं. उघडलं. आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू दूध फाटावं तसं फाटलं.

"सेत्तिमिओ," ती म्हणाली, "हा मैदानाचा अर्ज आहे."

"कसा असेल? मैदानाचा अर्ज मी देऊन आलो!"

"त्रेचाळीस सह्या. ही बघ क्विंतोची, अर्धा कागद व्यापलेली."

टेबलावर कुणी घास उचलला नाही. सेत्तिमिओने कोटाचा रिकामा खिसा चाचपला.

"मग मी... मी काय दिलं?"

सासूबाई नॅपकीनमध्ये तोंड खुपसून गदगदा हलत होत्या. आधी त्याला वाटलं, ठसका लागला. पण म्हातारी हसत होती!

"आम्ही खाली सह्या करणाऱ्या विवाहित नागरिक," त्यांनी तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली, "महामहिमांस विनंती करतो की, एक! सेत्तिमिओ एर्कोलानी व तत्सम इतर पतींना दाढी करताना गाण्यास मनाई करावी! दोन! सदर पतींनी तळघरात साठवलेल्या जुन्या स्कूटरच्या भागांची विल्हेवाट लावावी! तीन! सदर पती आजारी नसताना कण्हतात, ते—"

"मम्मा, पुरे!" ओर्नेल्ला ओरडली.

"सह्या किती?" सेत्तिमिओने क्षीण आवाजात विचारलं.

"सोळा," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "पहिली माझी!"

"दोन्ही पाकिटं सारखीच होती रे," ओर्नेल्ला रडवेली झाली. "पण तू उघडून बघायचं नाहीस का?"

"पोस्टमन दुसऱ्याचं पाकीट उघडत नसतो!" सेत्तिमिओ गरजला. आता याला काय म्हणणार! तो खरा अर्ज खिशात कोंबून उभा राहिला. "बाराला अर्ज घेणं बंद होतं, अजून वीस मिनिटं आहेत. क्विंतो, तुझी गाडी काढ!"

क्विंतोची गाडी म्हणजे माल वाहायची तीनचाकी. तिच्या पुढच्या खोक्यात दीड माणूस मावतो. दोन माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसली आणि तीनचाकी फटफटत डोंगर चढू लागली. देश तसा एवढासा, पण रस्ता उलगडून सरळ केला तर पार रोमला पोचेल, एवढी वळणं! प्रत्येक वळणावर सेत्तिमिओ क्विंतोच्या अंगावर पडत होता आणि प्रत्येक वेळी "माफ कर" म्हणत होता. चौथ्या-पाचव्या वळणानंतर हे नुसतं धक्क्याबद्दलचं "माफ कर" राहिलं नाही.

"नाही पोचलो वेळेत तर?" क्विंतोने रस्त्यावरची नजर न हटवता विचारलं.

"तर पुढचा रविवार ऑक्टोबरात. तोवर डांबर पडलेलं असेल."

क्विंतोने पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, "चालेल रे. मी दुपारी टीव्ही बघत जाईन. मुलगी म्हणते, त्यावर बरंच काही असतं."

सेत्तिमिओचे डोळे भरून आले. एखाद्याने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

सरकारवाड्याच्या दारात ते पोचले तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती. हिरव्या गणवेशातला पहारेकरी दार लावत होता.

"अहो, थांबा! मी चुकीचा अर्ज दिलाय!"

"सगळ्यांनाच तसं वाटतं," पहारेकरी शांतपणे म्हणाला. "दिलेला अर्ज परत मिळत नाही. नवा आता ऑक्टोबरात."

तेवढ्यात बाजूच्या दारातून लादिना बाहेर पडली. सेत्तिमिओने चौकातून जोरात हाक मारली, "लादिना! ए लादिना!"

"महामहिम म्हणा!" पहारेकरी किंचाळला.

"महामहिम लादिना! तो अर्ज परत दे गं! ती बायकांची थट्टा होती!"

लादिना थांबली. "सह्या किती होत्या?"

"सोळा. पण—"

"सोळा नागरिकांनी सही केली असेल तर ती थट्टा नाही, सेत्तिमिओ. तो अर्ज आहे." असं म्हणून महामहिम निघून गेल्या. पण कोपऱ्यावर वळताना त्यांचे खांदे हलत होते, हे क्विंतोने पाहिलं.

या देशात बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. सोमवारी सकाळी सेत्तिमिओ बारमध्ये कॉफी प्यायला गेला तर पाच जणांनी एका सुरात विचारलं, "काय, आज दाढी गाण्यासकट का गाण्याविना?" बँकेतल्या पोरीने त्याच्याकडे स्कूटरच्या भागांची चौकशी केली. पाद्रीबाबांनी भर प्रवचनात "एर्कोलानी व तत्सम इतर" असा शब्दप्रयोग केला! सेत्तिमिओने महिनाभर बारमध्ये जाणं टाकलं. मैदानावर तर त्याचं पाऊलच पडेना. क्विंतोला तोंड कसं दाखवणार?

मे महिन्यात एके दिवशी सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं. हे मात्र त्याने उघडलं.

"कलम एक ते चार," तो मोठ्याने वाचू लागला, "खासगी स्वरूपाची असल्याने फेटाळण्यात येत आहेत..."

"चला, सुटलो!" ओर्नेल्लाने निःश्वास सोडला.

"थांब, पुढे आहे. 'तथापि कलम पाच हे एकट्या सेत्तिमिओ एर्कोलानी यांच्यापुरते मर्यादित नसून, त्यात "व तत्सम इतर" असा स्पष्ट उल्लेख आहे. असे पती देशात सर्वत्र आढळत असल्याने हा विषय सार्वजनिक हिताचा ठरतो. सबब अर्ज महापरिषदेसमोर ठेवण्यात येईल. निर्णय होईपर्यंत सदर जागेवर कोणतेही काम करू नये.'" सेत्तिमिओने मान वर केली. "कोणती जागा? ओर्नेल्ला, कलम पाच काय होतं?"

ओर्नेल्लाने कपाळाला आठ्या घातल्या. "पाच? पाचपर्यंत माझं डोकं जड झालं होतं. मम्मा सांगत होती आणि मी नुसती टाइप करत होते."

दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई आरामखुर्चीत मोजे विणत होत्या. त्यांनी एकही टाका चुकू न देता म्हणून दाखवलं, "सदर पतींना रोज दुपारी चार ते सात घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था शासनाने करावी, व त्यासाठी बोचेचं मैदान आहे तिथे, आहे तसं, कायम राखावं."

सेत्तिमिओ धाडकन खुर्चीत बसला. मग उठला, सासूबाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि चपलांवरच धावत सुटला. क्विंतोच्या दारात पोचेपर्यंत त्याला इतका दम लागला होता की त्याच्या तोंडून फक्त "व तत्सम! व तत्सम!" एवढंच फुटत होतं. क्विंतो डॉक्टरला फोन करायला निघाला होता.

महापरिषदेची चर्चा जुलैमध्ये झाली. रेडिओवर थेट! आख्खी वस्ती बारमध्ये गोळा झाली. साठ सभासद, आणि त्यातल्या चाळीस जणांची पत्रं सेत्तिमिओने स्वतः वाटलेली. कुणाला कुठून वकिलाची पाकिटं येतात, हे सगळं त्याला ठाऊक. पण आज तोच मान खाली घालून बसला होता.

"देशात असे एकूण पती किती, याची आकडेवारी आहे का?" एका सभासदाने विचारलं.

"सन्माननीय सभासदांनी स्वतःपासून मोजायला सुरुवात करावी," कुणीतरी म्हणालं, आणि बराच वेळ रेडिओतून नुसता खिदळण्याचा आवाज येत राहिला.

एका गृहस्थाने वाहनतळाची बाजू नेटाने मांडली. अकरा गाड्यांची सोय होईल म्हणाले. त्यावर फिओरेंतीनो गावच्या सभासद बाई उठल्या. "अकरा गाड्या दिवसभर बाहेर ठेवण्यापेक्षा वीस नवरे तीन तास बाहेर ठेवणं अधिक सार्वजनिक हिताचं आहे! माझी तर सूचना आहे की सातऐवजी आठ करावं!"

बारमधल्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आठची सूचना थोडक्यात पडली, पण मूळ कलम पाच त्रेपन्न मतांनी मंजूर झालं! क्विंतो उभा राहिला. त्याने टोपी काढली आणि सेत्तिमिओच्या डोक्यावर ठेवली. सेत्तिमिओला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. लग्नात झाला होता, पण त्यात भीती मिसळलेली होती.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो सोफ्यावर पाय लांब करून पडला असताना ओर्नेल्ला समोर येऊन उभी राहिली.

"चार वाजले."

"मग?"

"मग निघ."

"अगं, बाहेर ऊन बघ काय आहे!"

"महापरिषदेचा निर्णय आहे," ओर्नेल्लाने दार उघडून धरलं. "त्रेपन्न मतांनी."

हे प्रकरण ऊन सरलं तरी थांबलं नाही. सप्टेंबरात धुकं आलं, पाऊस आला, सेत्तिमिओचा खोकलाही परत आला. पण चारच्या ठोक्याला वस्तीतल्या प्रत्येक घराचं दार उघडायचं आणि त्यातून एक-एक नवरा बाहेर पडायचा. शेवटी सेत्तिमिओ वैतागला. हा निर्णय बदलून घ्यायचा! ऑक्टोबरचा पहिला रविवार आलाच होता. त्याने मनातल्या मनात अर्ज तयार केला आणि छत्री घेऊन मैदानावर गेला. झाडांखाली अठरा नवरे छत्र्या उघडून उभे होते.

"मित्रांनो," सेत्तिमिओ खाकरला, "हा आपल्यावरचा अन्याय आहे! मी नवा अर्ज देणार आहे. चार ते सातची सक्ती रद्द करा! क्विंतो, पहिली सही तुझी!"

क्विंतोने हातातला ओला गोळा पँटला पुसला.

"सही? मला वेड लागलंय?" तो म्हणाला. "आधी कधी चार जण यायचे, कधी कुणीच नाही. आता रोज सगळेच्या सगळे येतात! पावसातसुद्धा! चल, फेक, तुझी पाळी आहे."

बाकीचेही मान हलवू लागले. एकाने घरून गरम वाइनचा थर्मास आणला होता. दुसऱ्याच्या मते त्याची बायको हल्ली सात वाजता त्याला पाहून चक्क खूश होते. सेत्तिमिओने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग गोळा उचलला आणि फेकला. तो लिंडेनच्या बुंध्यावर आपटून गटारात गेला.

अशा रीतीने नव्या अर्जावर एकूण सह्या झाल्या शून्य. सेत्तिमिओची स्वतःचीसुद्धा नाही! कारण पेन घरी राहिलं होतं, आणि सात वाजेपर्यंत घरात जायची कायद्याने बंदी होती.