रशियाला लाल टॅग लावणारे शेळकेदादा

चपातीची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून जेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेळकेदादा. एका कडेला जाड निघाली की ताट पुढे सरकवून वाढप्याला विचारणार, "गिऱ्हाईकाला दिली आस्ती का आशी?"

"दादा, गिऱ्हाईक तुमीच की!"

"म्हणूनच म्हन्तोय."

दादा राजगुरुनगरचे. आमच्या चाकणच्या कंपनीत ते शेवटची तपासणी करतात. आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट बनवायचे आणि दादांनी त्यांना लाल टॅग लावून परत पाठवायचे. "चालतंय की" म्हणून त्यांनी एकाही नगावर सही केली नाही. साहेबाने डोळे वटारले तरी नाही. त्यामुळे पोरं त्यांना टाळायची. कॅन्टीनमधल्या सहा खुर्च्यांच्या टेबलावर दादा एकटेच जेवायचे.

मी गेटवर पत्रकं वाटतो. युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारं पत्रक काढलं, तर आमच्या फोर्कलिफ्टवाल्या सोपानने त्यावर भजी ठेवली. मला संताप आला. तिकडे माणसं तळघरात राहतायत आणि याला भजी सुचतायत!

"रशिया आपला जुना दोस्त हाय, भावा," सोपान म्हणाला. "नाटो दारात येऊन बसल्यावर त्यानं काय तिला हळदीकुंकू लावायचं?"

भांडण वाढलं. शेवटी ठरलं, दादांना विचारायचं. ते रशियाला 'चूक' म्हणाले तर सगळ्या शिफ्टने माझ्या निषेधाच्या निवेदनावर सह्या करायच्या. 'बरोबर' म्हणाले तर मी पत्रकं बंद करायची.

आम्ही पाच जण ताटं घेऊन त्यांच्या टेबलावर धडकलो. दादांनी खिशातून पिवळा टॅग काढला. पिवळा म्हणजे माल थांबवलाय, निकाल नंतर. "तपासल्याबिगर सही न्हाई," ते म्हणाले.

आणि तपासणी पंधरा दिवस चालली! रोज जेवणाच्या सुट्टीत. दादा घरून नकाशा घेऊन यायचे, सगळ्यांना पुरेल एवढा ठेचाही आणायचे. मी तावातावाने बोललो की म्हणायचे, "आवाजाचं माप घेत न्हाई मी. पुरावा दे." शेवटच्या दिवशी त्यांनी सोपानला धरलं. कंपनीत एखादा नग फुटला की कारण सापडेपर्यंत 'का' विचारत जायची पद्धत आहे, तीच लावली.

"रशिया आत का शिरला?"

"नाटो जवळ आली म्हणून."

"नाटो आली म्हणून दुसऱ्याच्या घरात का शिरायचं?"

"ते घर आधी त्याच्याच वाड्यात होतं, दादा."

"आता वायलं निघालंय ना? मंग का?"

सोपानने हातातला घास ताटात परत ठेवला. मग पुटपुटला, "मोठ्याला वाटतं, बारक्याचं ते आपलंच."

दादांनी पिवळा टॅग फाडला, लाल काढला. "कारन सापडलं म्हंजी माल पास झाला आसं न्हाई. तडा का गेला ते कळलं. तरी तडा तो तडाच." आणि सही ठोकली.

मी टेबलावर चढलो! सोपानने पहिली सही केली, मान खाली घालून का होईना, पण केली. त्याच्यामागे अख्खी शिफ्ट. तो लाल टॅग मी निवेदनाला टाचला. लढाई अशी जिंकतात, राव.

दुसऱ्या दिवशी ताट घेऊन वळलो, तर दादा एकटे. पोरं आपापल्या जागी परत गेली होती. ठेच्याचा मोठा डबा मात्र दादांनी आणला होता. मी समोर बसलो.

"आठ दिसामागंच कळलं व्हतं मला, माल खराब हाय ते," दादा ताटाकडे बघत म्हणाले. "टॅग उगं दाबून ठिवला. आयुष्यात पयल्यांदा."

मी मागे वळून पोरांच्या टेबलाकडे पाहिलं.

मग मी खच्चून ओरडलो, "ए सोपान! ताट घेऊन इकडे ये. अमेरिका इराकमध्ये घुसली होती, ते तपासायचं राहिलंय!"

"अमेरिकेला तर मीच टॅग लावणार!" सोपान तिकडूनच गरजला. त्याच्यामागे आणखी तिघे उठले.

ते पोचेपर्यंत दादांनी चारही खुर्च्या ओढून ठेवल्या होत्या.