बांबूउडीचं बूच

"घरातलं काय हवं ते टाक, माझी बिडाची कढई टाक, पण यतीनच्या त्या डब्याला हात लावू नकोस," असं सासूबाईंनी मला लग्नानंतर आठव्या दिवशी बजावलं होतं. त्यांनी स्वतः एकदा दिवाळीच्या साफसफाईत तो डबा बाहेर ठेवला होता, तेव्हा आठवीतला यतीन दोन दिवस जेवला नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी जेवला तो शेजाऱ्यांकडे. मी "हो आई" म्हटलं. नवीन सून म्हणते तसं, आमटी ढवळत.

डबा होता बिस्किटांचा, पत्र्याचा. आत सोड्याच्या बाटल्यांची गंजकी बुचं. मी एकदाच झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं. प्रत्येक नवऱ्याचं काहीतरी असतं. माझ्या बहिणीचा नवरा जुनी कुलपं जमवतो, त्यामानानं बुचं हलकी.

पण मग अभिनव झाला आणि सगळ्याच वस्तूंकडे बघायची माझी नजर बदलली. मी काळजी करते असं लोक म्हणतात. मी फक्त लक्ष ठेवते. प्लगच्या भोकांना चिकटपट्टी, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, आणि दर पंधरा मिनिटांनी अभिनवला "आ कर." त्याच्या तोंडातून मी आजवर शर्टाचं बटण, खडूचा तुकडा, पेन्सिल सेल आणि गणपतीपुढची अक्षत काढली आहे. आता त्याला इतकी सवय झाली आहे की घरात कुणीही "आ" म्हटलं की तो तोंड उघडतो. समोरच्या काकू गाण्याचा रियाज करतात तेव्हा तर त्याचं तोंड मिटतच नाही.

२००४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. यतीन ऑफिसच्या कामाला आठ दिवस नागपूरला गेला होता, सासूबाई परळला नणंदेकडे. भाईंदरला जेसल पार्कच्या घरात मी आणि अभिनव दोघंच. बुधवारी सकाळी मी म्हटलं, "आ कर," आणि त्याच्या जिभेवर दोन पैलवान दिसले. गंजक्या बुचाच्या आतल्या बाजूला छापलेले, एकमेकांना भिडलेले, लाळेनं चकाकणारे.

मी अभिनवला घेऊन डॉक्टरांकडे धावले. त्यांनी त्याला तपासलं, मग मला तपासलं, आणि म्हणाले, मुलाला काही झालेलं नाही, तुम्ही जरा पाणी प्या. घरी येईपर्यंत माझा निर्णय झाला होता. डबा दाराशी भंगारात जाण्यासाठी येऊन बसला.

बुधवारी आमच्याकडे सबीना येते, उत्तनजवळच्या चौक गावाहून, मासळीची टोपली घेऊन. ती उंबऱ्याशी बसून मासळी साफ करून देते आणि तेवढ्या वेळात सगळ्या घरावरून नजर फिरवते. तिला डबा दिसला.

"ताई, ही बुचां टाकायची हायेत काय?"

मी म्हटलं, घेऊन जा बाई, सगळी घेऊन जा. मग तिनं सांगितलं की तिचा नवरा मॅन्युएल हातभर फळीवर अशी बुचं उलटी ठोकतो, दाते वर. "घोळीची खवलं त्यानं निघतात ना, तशी सुरीनं न्हाय निघत." तिनं बुचं पिशवीत ओतली आणि मला दोन मुठी मांदेली वर दिली. घरातला धोका गेला, टाकाऊचं टिकाऊ झालं, वर मांदेली. डबा चांगला होता म्हणून तो मी धुऊन ठेवला. दुपारी मी इतकी शांत झोपले की अभिनवला अर्धा तास कुणी "आ कर" म्हटलं नाही.

संध्याकाळी यतीनचा फोन आला. एरवी एसटीडीवर तो तारेसारखं बोलतो. त्या दिवशी मात्र थांबेचना.

रविवारी अभिनवचा दुसरा वाढदिवस. "आपण त्याला ती प्लॅस्टिकची गाडीबिडी नको देऊया," तो म्हणाला. "मी डबा देणार. बापाकडून मुलाला."

आणि मग त्यानं मला लग्नाच्या पाच वर्षांत न सांगितलेलं सगळं सांगितलं. तो दहा वर्षांचा असताना एका सोडा कंपनीनं बुचांच्या आत, कॉर्कच्या चकतीखाली खेळांची चित्रं छापली होती. हॉकी, कबड्डी, कुस्ती, भालाफेक, असे चोवीस खेळ. सगळे जमवणाऱ्याला सायकल. परळच्या चाळीतल्या पोरांना बाटली कोण घेऊन देणार? मग ही पोरं दुकानाशी जाऊन सोडा पिणाऱ्या माणसासमोर उभी राहायची आणि नुसती त्याच्या गळ्याच्या घाटीकडे बघायची. माणूस ओशाळून बूच द्यायचा, भला असला तर शेवटचा घोटही. लग्नाच्या हॉलमध्ये ही पोरं दोन्हीकडची पाहुणी म्हणून शिरायची. गटाराच्या जाळीतून दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक सोडून पडलेली बुचं गळाला लावायची. असं करत त्याच्याकडे एक सोडून सगळे खेळ जमले. बांबूउडी मात्र अख्ख्या परळमध्ये कुणाला मिळाली नाही. कंपनीनं ती छापलीच नाही, सायकल द्यायला नको म्हणून, यावर चाळीत एकमत होतं. एका मुलानं आपण बांबूउडी पाहिल्याचं शपथेवर सांगितलं होतं. तो पुढे वकील झाला.

"ऐकतेयस ना?" यतीननं विचारलं.

मी "छान" म्हटलं. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, त्यानं विचारलं, बरं नाही का तुला? त्याच्या एवढ्या बोलण्यातला माझ्या डोक्यात एकच आकडा राहिला होता. चोवीस. रविवारपर्यंत चोवीस बुचं डब्यात परत आली पाहिजेत.

सबीनाकडे फोन नव्हता. गुरुवारी सकाळीच भाईंदर पश्चिमेहून बस पकडून मी चौकला गेले. कडेवर अभिनव, खांद्याला उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, कापूस, बँडेज आणि जंतुनाशकाची बाटली. सबीनाचं घर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या मागे. ओट्यावर मॅन्युएल हातोडी शेजारी ठेवून बसला होता, काम संपवून. माणसानं इतकंही कामसू असू नये.

त्यानं मोठ्या कौतुकानं मला फळ्या दाखवल्या. चार फळ्या, एकेकीवर सहा बुचं. "चौथीला एक कमी पडलं, ते माझ्या जुन्या फळीवरचं काढून मारलं," तो म्हणाला. मी ते ऐकलं, पण त्याच वेळी अभिनव ओट्यावरून काहीतरी उचलताना दिसला. "आ कर." नशीब, खिळा अजून हातातच होता.

सगळे खेळाडू खिळ्यांवर होते. पैलवानाच्या बेंबीत खिळा. हॉकीवाल्याच्या चेंडूच्या जागी खिळा. मी सबीनाला सगळं खरं सांगितलं, नवऱ्याचं बालपण, सासूबाईंचा इशारा, रविवारचा वाढदिवस. तिला वाईट वाटलं. पण एक फळी तिनं जाऊबाईंना, म्हणजे जोआनला देऊन टाकली होती, आणि एक घेऊन तिचा दीर कॉलिन पहाटेच बोटीवर गेला होता. तो येणार शनिवारी दुपारी.

जोआन शेजारच्याच घरात घोळ साफ करत होती. खवलं उडत होती, काही माझ्या केसांत आली. तिचं म्हणणं सरळ होतं. "जुन्या बुचांचा पत्रा जाड हाय. अशी मिळत न्हाईत आता. सहा द्या, सहा न्या. वाकलेली चालनार न्हाईत." मॅन्युएलनंही मान हलवली. चोवीस नवी आणा, चोवीस जुनी न्या, कॉलिनचीही शनिवारी काढून देतो.

मी आणि थंड पेय यांचं काही बरं नाही. अभिनवला ते पाजू नये म्हणून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले आहे. आता गुरुवारी संध्याकाळी मी जेसल पार्कच्या चौपाटीजवळच्या दुकानासमोर उभी होते, आणि एका अनोळखी गृहस्थांच्या घाटीकडे बघत होते. ते ओशाळले. बूच दिलं, वर अर्धी बाटलीही पुढे केली. शुक्रवारी सकाळीही मी तिथेच. दुकानदार हे सगळं बघत होता. शेवटी म्हणाला, "भाभी, कोई स्कीम निकला है क्या? हम को भी बोलो ना."

मी नाही म्हटलं, पण मी बी.कॉम. आहे हे सोसायटीत सगळ्यांना माहीत. मी उगाच ऊन खात उभी राहणार नाही असा हिशोब लोकांनी केला. शुक्रवारी दुपारपर्यंत बुचांवर कार लागली असल्याची बातमी आमच्या विंगेत पोचली, संध्याकाळी कारचा बंगला झाला. दुकानासमोर पोरांचं कडं झालं, पोरांच्या मागे त्यांच्या आया. समोरच्या काकूंनी तर रियाज सोडून खाली खुर्चीच टाकली. माझ्या हाती एकूण सात बुचं आली, त्यातली पाच वाकलेली.

शनिवारी सकाळी मी त्याच दुकानदाराकडून वाढदिवसासाठी म्हणून एक क्रेट मागवला. क्रेटमध्ये बाटल्या बरोबर चोवीस. ज्या बाईनं कालपर्यंत साखरेवर भाषणं दिली तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चमच्याच्या दांड्यानं, दोन्ही बाजूंनी हळूहळू, चोवीस बाटल्या उघडल्या. मग प्रत्येक बाटलीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड लावला. चोवीस बाटल्या स्वयंपाकघरात रांगेनं टोप्या घालून उभ्या राहिल्या.

चौकला कॉलिनची बोट यायला तीन वाजले. मॅन्युएलनं चारही फळ्यांवरचे खिळे उपटले, नवी बुचं ठोकली, आणि माझी चोवीस माझ्या पदरात टाकली. घरी आणून मी ती गरम पाण्यात घातली, जंतुनाशकात घातली, लिंबानं घासली. वास जरा कमी झाला. भोकांचं काय करणार? मी ती मोजली, चोवीस भरली, आणि मला इतकं हायसं वाटलं की त्यावरची चित्रं बघायचं सुचलंच नाही.

रविवारी सकाळी यतीन नागपूरहून आला, सासूबाई परळहून आल्या, आणि संध्याकाळी घर भरलं. पाहुण्यांना मी ग्लासातून पेय दिलं. शेजारच्या शहाभाभींनी एक घोट घेतला, विचार केला, आणि म्हणाल्या, "शरबत सारु छे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. केक कापून झाला. यतीननं अभिनवला मांडीवर घेतलं, डबा मागवला आणि झाकण उघडलं.

पहिल्यांदा वास आला. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "यतीन, तुझ्या लहानपणाला घोळीचा वास येतोय."

 यतीननं एकेक बूच काढून सतरंजीवर मांडायला सुरुवात केली. प्रत्येक बूच तो उजेडाकडे धरायचा आणि भोकातून पलीकडे बघायचा. भोकातून त्याचा डोळा सरळ माझ्याकडे लागत होता, किंवा मला तसं वाटत होतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत तो आठव्या दिवसाचा इशारा शब्दन् शब्द दिसत होता. मी मनात यतीनच्या दोन दिवसांच्या उपासाची तयारी केली.

तेविसावं मांडलं. चोविसावं हातात घेतलं आणि तो थांबला.  त्यावर एक माणूस हवेत आडवा झाला होता, हातातून बांबू सुटलेला, आणि आडव्या दांडीच्या जागी बरोबर खिळ्याचं भोक.

"नीलम," तो म्हणाला, "हे कुठून आणलंस?"

बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. हाच प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. भरल्या घरासमोर मी डॉक्टरांपासून क्रेटपर्यंत सगळं सांगून टाकलं. शहाभाभींनी ग्लास हळूच खाली ठेवला. यतीन मात्र उठला, त्यानं केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले आणि मला विचारलं, चौकची पहिली बस कितीला असते?

पुढच्या रविवारी तो मॅन्युएलला भेटून आला आणि डोकं फिरल्यासारखा दिसत होता. मॅन्युएलही लहानपणी तीच बुचं जमवायचा. "बांबूउडी?" तो म्हणाला होता. "ती आमच्याकडं रग्गड. पायाखाली यायची. आम्हांला कुस्ती कधी मिळाली न्हाय." कंपनीच्या गाडीनं सगळ्या बांबूउड्या किनाऱ्यावर उतरवल्या होत्या आणि सगळे पैलवान परळात. अख्ख्या चौकचं मत, कंपनीनं कुस्ती छापलीच नाही. आणि परवा स्वतःच्या हातानं पैलवानाच्या बेंबीत खिळा मारताना मॅन्युएल बघत होता तो खिळ्याकडे.

आता मॅन्युएलला कुस्ती हवी आहे, आणि यतीन आपली देत नाही. म्हणून दोघं दर रविवारी चौकमधल्या घराघरांतून जुन्या फळ्या मागतात, ओट्यावर बसून त्यांवरची बुचं उपटतात, आणि एखादा पैलवान चुकून किनाऱ्यावर आला होता का ते शोधतात. बदल्यात नवी बुचं द्यावी लागतात. त्यासाठी माझा नवरा ऑफिसमधून येताना दुकानाशी थांबून लोकांच्या घाटीकडे बघतो. कंपनी कधीच बंद पडली आहे. सायकलचं नाव कुणी काढत नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण आज सकाळी मी आंघोळीला गेले असताना यतीन गेला, आणि जाताना अभिनवलाही घेऊन गेला. वारसाला सगळं दाखवायला हवं, असं आईंना सांगून. आता चार वाजलेत. म्हणून विनंती आहे, तुमच्यापैकी कुणी उत्तनच्या बाजूला जाणार असेल तर चौकला उतरा. बोंबलाच्या काठ्यांमागचं घर, ओट्यावर दोन मोठी माणसं वाकून बसलेली असतील. त्यांना काही विचारू नका, ती मान वर करणार नाहीत. त्यांच्याजवळ दोन वर्षांचा एक मुलगा असेल, निळा शर्ट, फार शांत बसलेला. तो शांत बसला असेल तर जरा लवकर पोचा, आणि त्याला म्हणा, "आ कर."