दोन सूत

पटलेकाकांच्या मते जगात सगळंच दोन सूत, म्हणजे पाव इंचानं, चुकलेलं होतं. भाजीतलं मीठ, शाळेची घंटा, पुतण्याचं लग्नसुद्धा. "पोरगी गुनाची आहे गा मास्तर, पन जोडा दोन सूत चुकला."

आमगावात त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला लागूनच माझी खोली. दुकानात एक विजेचं मँडोलिन होतं. म्हणजे आठ तारांचं साधंच वाद्य, पण तारांखाली चुंबकाची चपटी डबी बसवलेली. तिला ते पिकअप म्हणत. तिची वायर रेडिओला जोडली की आवाज पार स्टेशनापर्यंत जाई. रेडिओ माझा होता. बॅटरीही माझीच.

वाद्य मूळचं रेल्वेतल्या अल्बर्ट गार्डाचं. ड्यूटी नसली की तो दुकानातल्या स्टुलावर बसून वाजवायचा आणि काका ऐकत ऐकत पंक्चर काढायचे. पेन्शन घेऊन गोव्याला निघताना त्यानं ते काकांना दिलं. पोचलो की पत्र टाकतो म्हणाला. पत्र काही आलं नाही.

तेव्हापासून काकांना चैन नव्हतं. लाख तापवायची, पिकअप उखडायचा, जरा सरकवून पुन्हा चिकटवायचा. तारा टेकतात त्या घोडीजवळ नेला की आवाज टोचरा, कानात झिणझिण्या आणणारा. बोटांच्या पट्टीकडे नेला की गोल, जाडसर. "अल्बर्टचा आवाज मंधातच कोठी तरी आहे," ते म्हणत, "मी दोन सूत चुकून राहिलो." गिऱ्हाइकं चाक हातात धरून उभी राहत आणि माझ्या बातम्या रोज बुडत.

शेवटी मी वैतागलो. एका रविवारी ते चहा आणायला गेले, तेव्हा वाद्य उचलून उजेडात नेलं. लाखेच्या डागांमध्ये स्क्रूची दोन बारीक भोकं दिसली, लाखेनंच बुजवलेली. मी ती टाचणीनं कोरली, डबी उखडून त्या भोकांवर धरली. बरोबर बसली. काका येताच मी मोठ्या ऐटीत त्यांना अल्बर्टची जागा दाखवली.

त्यांनी पेले खाली ठेवले. "मले मालूम आहे. म्याच बुजवली."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

काका हात पुसत राहिले. "तेथं लावला का अल्बर्टच वाजवून राहिला असं वाटते. मंग मान वर करतो, तं स्टुलावर कोनी नाई."

मला माझीच लाज वाटली. मीच लाख तापवली, ती भोकं पुन्हा बुजवली आणि विचारलं, "कुठे लावू?"

"घोडीकडे सरकव," काका म्हणाले. "दोन सूत."