मंत्र्याने लावलेला निकाल

बकऱ्या हाकायला काठी लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याकडे यावं. मी डोकं वापरते!

माझ्या परसात ओनुग्बूचं, म्हणजे कडू पाल्याचं झुडूप आहे. आईनं त्याची फांदी तिच्या आईकडून आणली, मी आईकडून. थोरली बहीण ओगोन्ने हिनंही एक नेली होती, पण शहरात गॅलरीतल्या डब्यात ती सुकली. उरलं ते माझंच.

ताई तापातून उठली, पण तोंडाची चव गेली ती परत आली नाही. घास घ्यायची नाही. अंगावर कपडे नुसते टांगल्यासारखे दिसायचे. तिनं निरोप धाडला, ‘आईच्या झुडपाचं कालवण केलंस तर तिकडे येऊन जेवीन.’

आणि नेमका तेव्हाच शेजारच्या ओबियागेलीचा बोकड माझं झुडूप भादरायला लागला. त्याचं नाव मंत्री. काम शून्य, पण खातो सगळ्या गावाचं! कुंपण घातलं, तर उद्घाटनाला आल्यासारखा त्यावरून उडी मारून आला. ओबियागेलीला सांगितलं, तर म्हणे त्यालाच समजावून सांग.

मग मी डोकं वापरलं. माडाचं कोवळं पिवळं पान, आमचा ओमू, झुडपाला बांधला. आमच्या गावात ओमू बांधलेल्या वस्तूला कुणी बोट लावत नाही. ओबियागेलीनं तो पाहिला मात्र, तिनं मुकाट्यानं मंत्र्याला दावं लावलं. मी दिवसभर मान ताठ करून हिंडले.

पण ओमू वाद असला की बांधतात. माझा वाद बोकडाशी होता, हे गावाला काय ठाऊक? ताई येणार हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीपासून बाजारापर्यंत एकच बोलणं, आईच्या झुडपावरून बहिणी भांडल्या!

ताई मोटारीतून उतरली आणि तिला हे तिथंच कळलं. घरी येऊन ती पिशवी मांडीवर घेऊन बसली, खालीसुद्धा ठेवीना.

“कालवण मागितलं होतं मी,” ती म्हणाली. “हिस्सा नव्हता मागितला.”

मी शपथा घेत ओमू सोडायला धावले, तर दारात वयोवृद्ध पंच इची न्वान्क्वो उभे. त्यांनी काठी आडवी धरली.

“बांधणाऱ्यानं तो सोडायचा नसतो, पोरी. पंच सोडतील. पुढच्या बैठकीत.”

“आणि तोवर ताई काय खाईल?”

“ते बांधण्याआधी विचारायचं.”

मी बोकडाची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, बोकडाविरुद्ध ओमू बांधलेला त्यांच्या आजोबांनीही ऐकला नसेल. ताई उठली. परतीची मोटार कधी आहे, विचारू लागली. मी तिची पिशवी घट्ट धरून ठेवली.

तेवढ्यात तुटलेलं दावं गळ्यात मिरवत मंत्री आला. आम्हा तिघांकडे एक नजर टाकली, थेट झुडपापाशी गेला आणि ओमू खायला लागला. कडू पाल्याला तोंड लावलं नाही. कोवळं माडाचं पान समोर असताना कडू कोण खाणार! शेवटचा धागासुद्धा त्यानं चाटूनपुसून गिळला. ओबियागेली ओरडत आली आणि इचींना पाहून दारातच थिजली.

इचींनी काठीनं रिकामी फांदी हलवून पाहिली. मग हसून त्यांचं पोट हलायला लागलं.

“ओमू कुठाय? मला तर दिसत नाही,” ते म्हणाले. “प्रतिवादीनं स्वतःच निकाल लावला. पाला खुड, उगोये. माझंही ताट वाढ.”

मी पाला खुडला, चोळचोळून त्याचा कडूपणा काढला, अळकुड्या ठेचल्या, सुकी मासळी घातली. घाईघाईत डाव दोनदा हातातून पडला. ताईनं पहिला घास घेतला. चघळला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, कुंपणापलीकडून ओबियागेलीसुद्धा.

“मीठ कमी आहे,” ताई म्हणाली.

चव आली! मी पदरात तोंड घालून रडले. तिची चव परत आली का ते बघावं, म्हणून मुद्दामच मीठ कमी घातलं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

खरं म्हणजे घालायलाच विसरले होते.