टिटवीचे एकेचाळीस नामंजूर शब्द

माझी भाची अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती आणि ही बाब घरात गांभीर्याने घेण्यात आली होती. जन्मली तेव्हा तिने अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला, म्हणून नाव पडलं टिटवी. त्यानंतर जवळपास मौनच. कान तपासले, उत्तम निघाले. पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फुटला तरी बाई हजर.

मग बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी टिटवीसोबत फरशीवर बसून अर्धा तास ठोकळे रचले आणि ताईला म्हणाल्या, "तीन आठवडे घरी ती काय काय बोलते ते लिहून आणा. त्यावरून पुढचं ठरवू."

एवढंच. पण हे वाक्य त्यांनी भाऊजींसमोर बोलायला नको होतं.

भाऊजी एका कचेरीत जुन्या कागदपत्रांच्या विभागाचे हेडक्लार्क. माणूस सोन्यासारखा. फक्त तोंडी सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताईच्या "निदर्शनास आणून देतात". त्याच संध्याकाळी त्यांनी लाल पाठीची जाडजूड वही आणली. पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, शब्द, उच्चार स्पष्ट की अस्पष्ट, शब्दाचा हेतू, साक्षीदार एक, साक्षीदार दोन, शेरा.

"साक्षीदार कशाला?" ताईने विचारलं.

"उद्या कुणी म्हणालं की आईबापांनी मनानेच शब्द घातले, तर?"

"कोण म्हणेल?"

"तेच तर. कोण म्हणेल ते आज सांगता येत नाही."

साक्षीदार एक भाऊजी, साक्षीदार दोन मी. मी पंखे दुरुस्त करतो आणि ताईकडे फुकट जेवतो, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्याच दिवशी टिटवी माठाकडे बोट दाखवून म्हणाली, "बु."

भाऊजी पळत वही घेऊन आले. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"बु."

"पाणी म्हण. पा. णी."

टिटवीने बापाकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे पाहिलं. तिला तहान लागली होती. भाऊजींनी लिहिलं, "बु. अस्पष्ट. कोणत्याही शब्दाशी जुळत नाही. नामंजूर." खाली माझी सही. तोवर ताईने पाणी दिलं, तर तिला समज मिळाली की शब्द मंजूर होण्याआधी पाणी दिल्याने चुकीचा पायंडा पडतो.

मग 'गा' आला, दिवा लावल्यावर. नामंजूर. 'ताता' आला, चपला बघून. नामंजूर. दुपारी एकटीच बाहुलीशी काहीतरी पुटपुटत होती, तेव्हा मी दुकानात, भाऊजी कचेरीत. एकही साक्षीदार नाही. त्यावर भाऊजींनी तोडगा काढला. शब्द सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी सात ते आठ या वेळेतच स्वीकारले जातील. तसा कागद फ्रिजवर लावला. टिटवीच्या उंचीला.

ताईच्या सासूबाई एक दिवस नाचतच स्वयंपाकघरात आल्या. "अरे, अंघोळ घालताना मला 'आजी' म्हणाली! चक्क 'आजी'!"

"आई, तुझी साक्ष धरता येत नाही," भाऊजी म्हणाले. "तुझा यात हितसंबंध आहे."

"नातीने आजी म्हणावं यात माझा हितसंबंध? आहेच मुळी! त्याच्यासाठी तर जिवंत आहे मी."

"बघ, तूच कबूल केलंस."

नामंजूर. सासूबाई दोन दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. त्याची नोंद झाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मात्र टिटवी वही दिसली की तोंडावर हात ठेवायला लागली. संध्याकाळी सात वाजता आम्ही सगळे तिच्याभोवती गोल करून बसायचो आणि ती आमच्याकडे बघायची. भाऊजींनी शेरा मारला, "संबंधितांकडून सहकार्य नाही." मग एक स्मरणपत्र लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने ते चावलं.

 बंद पंख्याला कुणी स्मरणपत्र देत नाही, आधी उघडून बघतो. एवढं मला कळतं, तरी खोटं कशाला सांगू, वहीतल्या प्रत्येक 'नामंजूर'खाली माझी सही आहे.

ताई भांडी घासता घासता मला म्हणाली, "आधी 'बु' तरी म्हणायची रे. आता तेही नाही. मला 'आई' नको, काही नको. माझं 'बु' परत आणून द्या."

ठरल्या दिवशी वही घेऊन गेलो. भाऊजींनी ती दोन्ही हातांनी बाईंसमोर ठेवली. "मंजूर शब्द शून्य. नामंजूर एकेचाळीस."

बाई पानं उलटत गेल्या. बु, गा, ताता. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अहो, हेच तर शब्द आहेत! पोरगी केव्हाची बोलतेय. हे नामंजूर कुणी केले?"

 साक्षीदार दोन खिडकीबाहेर बघू लागला.

"ती 'बु' म्हणाली की 'हो, पाणी' म्हणायचं आणि पाणी द्यायचं. पुन्हा म्हणायला लावायचं नाही. आपलं बोलून झालं की गप्प राहायचं, मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. तिला वेळ द्यायचा. पुढच्या आठवड्यापासून आणा तिला माझ्याकडे, मी आहेच."

"आणि दहा मोजल्याची नोंद?" भाऊजींनी विचारलं.

"नाही करायची."

"मग मोजले हे कळणार कसं?"

"तिला कळेल."

ताई पुढची तारीख घ्यायला थांबली. आम्ही तिघे बाहेर आलो. भाऊजी वही काखेत धरून टिटवीला चपला घालायला वाकले. "चला, ताता," ते म्हणाले. चुकून म्हणाले की काय, माहीत नाही. टिटवी थबकली. मग त्यांचा कान धरून, त्यात तोंड घालून एक शब्द बोलली.

भाऊजींचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. तिथेच थांबला. ओठ हलायला लागले.

"भाऊजी, मी ऐकलं," मी म्हणालो. "सही करतो."

"गप रे. सहाच झालेत."

आठव्या आकड्याला ती तोच शब्द पुन्हा बोलली. वही काखेतून खाली पडली. कुणी उचलली नाही.

आता तुम्ही विचाराल, कोणता शब्द? स्पष्ट होता का? कुणाला उद्देशून होता? तुमच्या शेजाऱ्यांचं पोर तर याच वयात अख्खं गाणं म्हणतं, नाही का?

वही तिथेच पायरीवर पडली आहे. रकाने आखलेले आहेत. पेन तुमच्याकडे असेलच.